तातडीची गर्भनिरोधक गोळी: मेडिकलमध्ये काय मागायचं, कधी घ्यायची आणि पुढं काय बघायचं

आषाढी जवळ आली की आमच्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायला बायका येतात. भर गर्दीत, सासूला शेजारी उभी करून मोठ्यानं सांगतात, "ताई, एकादशीला यायला नको बघा, तेवढ्या दिवसांच्या द्या." गौरी-गणपतीत तर रांग लागते. त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून जी तातडीची गोळी घेतात, तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. दोन्ही एकाच घराण्यातली हार्मोन्स. पहिलीला खरं तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते, दुसरीला लागत नाही. तरी दुसरी मागायची वेळ आली की तीच बाई आधी क्रोसिन घेते, मग बाम घेते, मग काचेतल्या पावडरींकडे बघत दुकान रिकामं व्हायची वाट पाहते. आणि नेमकं ओळखीचं कोणी आत आलं, तर बामाचे पैसे देऊन निघून जाते.

मी डी. फार्म. केलेली बाई आहे. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या वाटेवरच्या एका गावात एस.टी. स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. डॉक्टर नाही, आणि इथं डॉक्टरकी करणारही नाही. पण ही गोळी भारतात २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. म्हणजे ती घेणाऱ्या बहुतेकींचा पहिला आणि शेवटचा सल्लागार काउंटरमागचा माणूसच असतो, आणि तो बऱ्याचदा काही बोलत नाही. जे काउंटरवर बोलायचं राहून जातं, ते इथं लिहिते.

आधी नाव नीट घ्या

"ती गोळी द्या" म्हणू नका. आमच्याकडे "ती गोळी" म्हणणारे निदान चार वेगवेगळ्या गोष्टी मागत असतात.

तुम्हाला हवी ती गोळी आय-पिल, अनवॉन्टेड-७२ अशा नावांनी येते. कंपनी कोणतीही चालेल. पाकिटावर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम लिहिलेलं पाहिजे, आणि आत एकच गोळी पाहिजे. सरकारी दवाखान्यातून आणि आशाताईंकडून मिळते तिचं नाव ईझी पिल, औषध तेच. ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांचं जुन्या पद्धतीचं पाकीट मिळालं, तर दोन्ही एकदम घेतल्या तरी चालतात.

आता घोळ कुठं होतो ते सांगते. अनवॉन्टेड-७२ ही तातडीची गोळी. अनवॉन्टेड-२१ ही रोज घ्यायची, महिन्याच्या पाकिटाची गर्भनिरोधक गोळी. आणि अनवॉन्टेड किट म्हणजे पाच गोळ्यांचं गर्भपाताचं किट: एक मिफेप्रिस्टोन, चार मिसोप्रोस्टॉल. नावाचा पहिला शब्द तिन्हींचा एक. नवऱ्यानं फोनवर अर्धवट सांगितलेलं, पोरानं चिठ्ठीवर लिहिलेलं नुसतं "अनवॉन्टेड" माझ्यापुढे येतं, तेव्हा मी विचारतेच, "कशासाठी हवंय? रात्री काही झालं म्हणून, की पाळी चुकलीय म्हणून?" हा प्रश्न चौकशीचा नाही. त्याच्या उत्तरावर औषध बदलतं. रात्री काही झालं असेल तर ७२. पाळी चुकून आठ-दहा दिवस झाले असतील तर ७२ चा काडीचा उपयोग नाही, आधी तपासणी करायची. आणि किट तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणी देत असेल तर तिथून घेऊ नका.

तोंडानं मागायला अवघड वाटत असेल तर मोबाइलवर पाकिटाचा फोटो काढून ठेवा नि तो दाखवा. कॉलेजची पोरं हेच करतात, आणि मला ते फार आवडतं. ना शब्द, ना गोंधळ. मी कागदात गुंडाळून देते, विषय संपला.

नाव, पत्ता, आधार कार्ड, लग्नाचं प्रमाणपत्र, नवऱ्याची परवानगी यातलं काहीही लागत नाही. मागितलं तर शेजारच्या दुकानात जा. पाकीट हातात आलं की तिथल्या तिथं मुदत बघा आणि फॉइल फुटलेली नाही ना ते बघा. किंमत शंभराच्या आसपास असते. छापील किमतीपेक्षा जास्त कोणी "असल्या गोळीला एवढेच लागतात" म्हणून मागत असेल, तर तो तुमच्या लाजेचे पैसे घेतोय.

घड्याळ

७२ तास म्हणजे तीन दिवस, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यातला कळीचा भाग मात्र पाठ नाही. ७२ तास ही शेवटची गाडी आहे, आणि पहिल्या गाडीत जागा जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात पहिल्या २४ तासांत गोळी घेतलेल्यांमध्ये, एरवी राहिल्या असत्या त्यातल्या ९५ टक्के गर्भधारणा टळल्या. २५ ते ४८ तासांत घेतलेल्यांमध्ये हा आकडा ८५ वर आला आणि ४९ ते ७२ तासांत ५८ वर. नंतरच्या अभ्यासांत आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण जितकी लवकर तितकी बरी हे कायम राहिलं.

आमच्या भागातलं ठरलेलं गणित असं. नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतो, रविवारी संध्याकाळी परत जातो. शनिवारी रात्री अकरा वाजता कंडोम फाटला. रविवारी घरात पाहुणे, सोमवारी दुकानात दीर बसलेला, म्हणून मंगळवारी बाजाराच्या निमित्तानं ती तालुक्याला येते. मंगळवारी रात्री अकराला ७२ तास भरतात. गोळी मिळते, पण निम्मा जोर गेल्यावर. तिला रविवारी सकाळीच गोळी हवी होती, आणि ती नवरा आणू शकला असता. हे पुरुषांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहिलंय. गोळी बाईनं गिळायची असते, आणायची कोणीही.

एकाच दोन-तीन दिवसांत जास्त वेळा संबंध आला असेल तर तास पहिल्या वेळेपासून मोजा, शेवटच्या नाही.

७२ तास उलटून गेले म्हणून गोळी एकदम पाणी होत नाही. १२० तासांपर्यंत, म्हणजे पाच दिवस, थोडाफार उपयोग होऊ शकतो. पण तेव्हा गोळीवर विसंबू नये. तेव्हा तांबी, म्हणजे कॉपर-टी. तिच्याबद्दल पुढे सांगते, कारण तिला मिळायला हवं तेवढं महत्त्व कोणी देत नाही.

ही गोळी करते काय

बाईच्या बीजकोशातून महिन्याला एक बीज सुटतं. ही गोळी ते सुटणं पुढे ढकलते. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीज लांबलं की ते वाट बघून मरून जातात. एवढंच तिचं काम.

यातून दोन गोष्टी निघतात. बीज आधीच सुटून गेलं असेल तर गोळी फारसं काही करू शकत नाही. म्हणून ती कधीकधी वेळेत घेऊनही फसते, आणि त्यात गोळी बनावट असण्याचा संबंध नसतो. दुसरं, गर्भ रुजला असेल तर ती त्याला धक्का लावत नाही. ही गर्भपाताची गोळी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तर डिसेंबर २०२२ मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकातला संदिग्ध मजकूर बदलून हे स्पष्ट लिहिलं. "पोटातलं पाडायचं पाप" म्हणून जी बाई ही गोळी घ्यायला घाबरते, तिला हे कोणीतरी सांगायला हवं. नाहीतर ती पुढच्या महिन्यात खरोखरच गर्भपातासाठी दारोदार फिरते.

ही गल्लत फक्त आपल्याकडचीच नाही. होंडुरासमध्ये याच समजुतीतून २००९ मध्ये या गोळीवर बंदी आली, ती उठायला २०२३ उजाडलं. आपल्याकडे कायद्यानं बंदी नाही, पण तमिळनाडूत बरीच वर्षं मेडिकलवाले ही गोळी ठेवतच नाहीत, असं तिकडे राहून आलेल्या मुली सांगतात आणि बातम्याही आल्यात. तुमची मुलगी वेल्लोर, चेन्नई, कोइमतूरला शिकायला असेल, तर बॅगेत थर्मामीटर टाकता तसं हे पाकीटही जाऊ द्या. निदान ती मागेल तेव्हा भुवया उंचावू नका.

महाराष्ट्रातली भीती वेगळ्या कारणानं आली. बीड-परळीचं लिंगनिदानाचं प्रकरण २०१२ मध्ये गाजलं आणि गर्भपाताच्या किटवरून मेडिकलच्या तपासण्या कडक झाल्या. बऱ्याच दुकानदारांनी "नको ती कटकट" म्हणून किट ठेवणंच सोडलं. आणि काहींनी त्याच झटक्यात ही गोळीही कपाटातून काढली. दोन्हींचा फरक ज्याला परवाना मिळालाय त्यानंच असा पुसला, तर गिऱ्हाइकानं काय करायचं?

घ्यायची कशी, आणि कोणी आधी विचारायचं

एक गोळी, पाण्याबरोबर. उपाशी असाल तर दोन घास खाऊन घ्या, मळमळ कमी वाटते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर आणखी एक घ्यावी लागते. त्यामुळे प्रवासात ज्यांना गाडी लागते त्यांनी एस.टी.त बसायच्या आधी गोळी घेऊन घाटात उलटी करू नये. घरी जाऊन घ्या, किंवा मेडिकलवाल्याला उलटीची गोळी विचारा. जोर वाढावा म्हणून दोन घेऊ नका. त्यातून फक्त मळमळ वाढते.

पण काही जणींचं गणित वेगळं आहे, आणि हे प्रश्न मी काउंटरवर हमखास विचारते.

टीबीचं औषध चालू आहे का? त्यात रिफाम्पिसिन असतं, ते या गोळीचा प्रभाव उतरवतं. फिट्सच्या काही गोळ्या (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन) आणि एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झ यांचंही तसंच. अशा बाईनं ते औषध बंद करायचं नाही. तिच्यासाठी तांबी उत्तम, नाहीतर डॉक्टरांना विचारून दुप्पट मात्रा. टीबी आपल्याकडे घरोघरी आहे आणि ही गोष्ट जवळपास कोणालाच माहीत नसते, म्हणून ठळकपणे सांगते.

वजन जास्त असेल, सत्तर किलोच्या वर, तर गोळी कमी पडू शकते. घेऊ नये असं नाही. पण तांबीचा पर्याय असेल तर तो आधी.

अंगावर पाजणाऱ्या आईला गोळी चालते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काही न देता फक्त अंगावर पिणारं, आणि पाळी अजून आलेली नसेल, तर दिवस राहायची शक्यता तशीही फार कमी असते. यातली एक जरी अट मोडली तरी धोका धरून चाला. "पाजतेय म्हणजे राहत नाही" यावर विसंबून दुसऱ्यांदा राहिलेल्या बायका आमच्या गावात गल्लीगणिक सापडतील.

बीपी, शुगर, थायरॉइड असलं म्हणून ही एक गोळी घ्यायला हरकत नसते.

तांबी: जी कोणी सांगत नाही

कॉपर-टी आपल्याकडे दोन मुलांमधलं अंतर म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती तातडीचं साधन म्हणूनही चालते, आणि गोळीपेक्षा कितीतरी भरवशाची, ९९ टक्क्यांच्या वर. वजन, टीबीचं औषध, यांचा तिच्यावर परिणाम नाही. वर पुढची दहा वर्षं काम करते (३८० ए ही जात), हवी तेव्हा काढता येते, आणि सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात.

अडचण अशी, की प्राथमिक आरोग्य केंद्रात "तांबी बसवायचीय" म्हटलं की "पाळीच्या पाचव्या दिवशी या" हे उत्तर ठरलेलं असतं. रोजच्या कामासाठी ते ठीक आहे. तुमच्यासाठी नाही. तेव्हा नुसतं तांबी म्हणू नका. असं सांगा: "सिस्टर, अमुक दिवशी असुरक्षित संबंध आला, पाच दिवस व्हायचेत, तातडीचं म्हणून तांबी बसवायची आहे." तिथं बसवणारी प्रशिक्षित सिस्टर नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. वाटेत वेळ जाणार असेल तर आधी गोळी घ्या आणि मग निघा. अंगावरून घाण वास येणारं पाणी जातंय, ओटीपोट दुखतंय, ताप आहे, असं काही असेल तर तेही सांगा, कारण जंतुसंसर्ग असताना ती बसवत नाहीत.

मेडिकल जवळ नसेल तर

आशाताईंनी घरपोच गर्भनिरोधकं द्यायची योजना २०११ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. ईझी पिलच्या पाकिटामागे त्यांना २ रुपये घ्यायची मुभा आहे. उपकेंद्रात फुकट. शंभराची गोळी दोन रुपयांत, तीही वस्तीवर, म्हणजे कागदावर प्रश्न सुटला. पण आशाताई गावातलीच सून असते. लग्न झालेली, दोन लेकरांची बाई तिच्याकडे मागते. लग्न न झालेली मुलगी, नवरा दुबईला असलेली, नवरा गेलेली मागत नाही. त्यांच्यासाठी तालुक्याचं ओळख नसलेलं दुकानच बरं, मग शंभर लागोत. आशाताई हे वाचत असतील तर एक सुचवते: बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांनाच एकेक पाकीट वाटा. मग कोणी मागितलं हा प्रश्नच उरत नाही.

आणि घरात एक पाकीट आधीच आणून ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. शेवटची एस.टी. सहाला जाणाऱ्या गावात तर नक्कीच. मुदत बघून, कोरड्या जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही असं.

अगदी काहीच मिळत नसेल आणि घरात माला-एन किंवा माला-डीचं पाकीट असेल, तर जुनी एक पद्धत आहे: ७२ तासांच्या आत चार पांढऱ्या गोळ्या एकदम, आणि बारा तासांनी आणखी चार. पाकिटातल्या गडद रंगाच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्या यात धरायच्या नाहीत. यात मळमळ-उलटी खूप होते आणि उपयोगही कमी; त्याच १९९८ च्या अभ्यासात ५७ टक्के. सिस्टरला किंवा डॉक्टरला फोन लागत असेल तर विचारूनच करा. ईझी पिल तासाभरात मिळणार असेल तर हा खटाटोप नको.

आठवड्याला घ्यायची छाया (तीच सहेली) मात्र तातडीला चालत नाही. पपई, गरम पाण्यात ओवा, उड्या मारणं, कोकाकोलानं धुणं याबद्दल मला विचारूही नका.

घेतल्यावर

गोळी घेतल्यावर थोडं डोकं दुखेल, मळमळेल, स्तन जड वाटतील. मध्येच अंगावर थोडं जाईल. हे थोडंसं जाणं म्हणजे पाळी आली असं समजू नका, आणि सुटलो म्हणून गाफील राहू नका. खरी पाळी आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते.

गोळी झालेल्या संबंधासाठी असते, पुढच्या नाही. फार जणी इथंच फसतात. गोळीनं बीज पुढे ढकललेलं असतं, म्हणजे ते आणखी चार दिवसांनी सुटणार, आणि तेव्हा तुम्ही "गोळी घेतलीय ना" म्हणून निर्धास्त. त्या रात्रीपासून पाळी येईपर्यंत कंडोम. रोजची गोळी सुरू करायची असेल तर दुसऱ्या दिवसापासून करता येते, पण पहिले सात दिवस कंडोम लागतोच.

पाळी ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर पुढे गेली, किंवा संबंधाला तीन आठवडे होऊन गेले, की लघवीची तपासणी करा, सकाळच्या पहिल्या लघवीची. आशाताईंकडे निश्चय किट फुकट असतं. ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखत असेल, चक्कर येत असेल, तर घरी थांबू नका. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, तो जिवावर बेततो.

"सारखी घेतली तर मूल होत नाही म्हणे." हा प्रश्न मला आठवड्याला ऐकू येतो. वांझपणाशी हिचा संबंध नाही. महिन्यात दुसऱ्यांदा घ्यावी लागली तरी जिवाला धोका नाही. पण पाळीचं वेळापत्रक पार विस्कटतं, आणि भरवसा रोजच्या साधनांपेक्षा कमी. जो माणूस महिन्याला चार वेळा येऊन हीच गोळी नेतो, त्याला मी कंडोमचं पाकीट पुढे सरकवते आणि अंतरा सांगते, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट. बऱ्याचदा तो ओशाळतो आणि दुसऱ्या दुकानात जायला लागतो. चालायचंच.

गुप्तरोग आणि एचआयव्ही यांच्यापासून ही गोळी वाचवत नाही. तशी शंका असेल तर सरकारी रुग्णालयात एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात विचारा; संबंधानंतर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या प्रतिबंधक औषधांचीही मुदत ७२ तासांचीच आहे.

तपासणीत दोन रेघा आल्या तर

गोळी घेऊनही राहिलं आणि ठेवायचं ठरलं, तर गोळीनं बाळाला इजा होत नाही. घाबरून पाडायचं कारण नाही.

ठेवायचं नसेल तर कायदा १९७१ पासून आहे आणि २०२१ मध्ये तो सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लग्न झालेलं नसलं तरी हा हक्क तोच. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच होतो, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सोनोग्राफीला घाबरू नका, गर्भ कुठं आहे आणि किती आठवड्यांचा आहे हे बघणं गुन्हा नाही. गुन्हा लिंग बघणं हा आहे.

जबरदस्ती झाली असेल तर

आधी दवाखाना. सरकारी असो की खासगी, उपचार लगेच आणि फुकट द्यायचे ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ ची सक्ती आहे. ते पोलिसांना कळवतील, तेही कायद्यात आहे. पण "आधी एफआयआर आणा, मग बघू" असं ते म्हणू शकत नाहीत. तातडीची गोळी आणि एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध नाव घेऊन मागा. शक्यतो अंघोळ न करता, कपडे न धुता जा. आणि केली असेल अंघोळ, तरी जा. महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८ हे फोन नंबर आहेत.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्यानं डॉक्टरांना कळवावंच लागतं, तिच्या राजीखुशीनं झालं असलं तरी. हे लपवून तुम्हाला दवाखान्यात पाठवणार नाही. पण या भीतीनं ७२ तास घालवू नका. घरातलं एक मोठं माणूस विश्वासात घ्या, आई नाहीतर मावशी, आणि जा.

मेडिकलवाल्यांसाठी थोडंसं

आपल्या लोकांना चार शब्द. गोळी मागणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: कधी झालं, शेवटची पाळी कधी आली होती, दुसरं कोणतं औषध चालू आहे. "लग्न झालंय का" हा चौथा प्रश्न औषधशास्त्रात नाही. शेल्फवर असलेला पोरगा हसला तर त्याला त्याच दिवशी समज द्या. माझ्याकडे एक जण गिऱ्हाइक गेल्यावर डोळा मारायचा, त्याला मी गोदामात लावला. पाकीट हाताशी ठेवा, मागच्या कपाटातून "ए, ती आय-पिल काढ रे" असं ओरडावं लागू नये. दुकानात गर्दी असेल आणि कोणी बामाची बाटली हातात धरून उगाच रेंगाळत असेल, तर बिलाच्या कागदावर पेन ठेवून पुढे सरकवा आणि म्हणा, "काय हवंय ते लिहा." पुरुष असेल तर त्यालाही. आणि देताना पाकिटावर पेनानं दोन ओळी लिहा: आज घ्या, उलटी झाली तर परत या.